कावा आणि त्याचें बेणें

(नभोवाणीवरील भाषण)



'कावा' हा शब्द कानीं पडतांच मराठी माणसास गनिमी कावा आठवतो, आणि तसें होणें साहजिकच आहे. परंतु आज मी ज्याविषयीं बोलणार आहें तो कावा निराळा. प्रशांत महासागरांतील बेटांवर पिकणाऱ्या एका झुडपाचें हें नांव असून, त्याच्या मुळ्या कुटून थंड पाण्यांत कोळल्यावर जें पेय तयार होतें त्यासही तेंच नांव आहे. आपल्या व्याकरणाप्रमाणें या शब्दाची षष्ठी 'काव्याचा' अशी व्हावयास हवी. पण तसें म्हटलें तर कविमंडळी कान टवकारतील! म्हणून व्याकरणाची क्षमा मागून हा परका शब्द मी आज न बदलतां 'कावाचा', 'कावास' असाच वापरणार आहें.

मी पस्तीस वर्षें शाळेंत भूगोल शिकविला. प्रशांत महासागराचा धडा आला कीं नकाशावरील त्या बारीक टिंबांवरून छडी फिरवावी, 'येथें नारळ आणि पोंवळीं' इतकें सांगावें आणि ऑस्ट्रेलियाकडे वळावें, असा माझा परिपाठ असे. पेन्शनींत निघाल्यावर माझा एक जुना विद्यार्थी मला भेटावयास आला. तो कांहीं वर्षें फिजी बेटांत नोकरीस होता. बोलतां बोलतां म्हणाला, "गुरुजी, त्या टिंबांवर माणसें राहतात, आणि कोणतेंही मोठें काम आरंभण्यापूर्वीं तीं एकत्र बसून एक वाटी पितात, हें आपण आम्हांस कधीं सांगितलें नाहींत." त्याचें बोलणें मनास लागलें. तेव्हांपासून या विषयावर मिळेल तें वाचीत आलों. आजचें भाषण म्हणजे त्या राहून गेलेल्या धड्याची परतफेड होय.

प्रथम वनस्पतीची ओळख करून घेऊं. आपली नागवेल, आपली काळी मिरी आणि आपली पिंपळी हीं एकाच कुळांतलीं भावंडें आहेत. कावा हा त्याच कुळांतला, दूरदेशीं नांदणारा भाऊ. त्याचें पान नागवेलीच्या पानाप्रमाणें हृदयाच्या आकाराचें असतें. पण तो वेलीसारखा आधार शोधीत चढत नाहीं. पुरुषभर किंवा त्याहून उंच असें त्याचें झुडूप होतें, आणि त्याचे दांडे उंसासारखे पेरापेरांचे असतात. त्यास ओलावा हवा, सांवली हवी, आणि पाणी न तुंबणारी जमीन हवी. लावल्यापासून तीन ते पांच वर्षांनीं मुळ्या काढण्याजोग्या होतात. कॅप्टन कूक याच्या १७७२ ते १७७५ या दुसऱ्या सफरींत जॉर्ज फॉर्स्टर नांवाचा तरुण निसर्गशास्त्रज्ञ होता. त्यानें या झुडपास लॅटिन भाषेंत 'पायपर मेथिस्टिकम', म्हणजे 'मादक मिरी', असें नांव दिलें.

हें नांव मला थोडें अन्यायाचें वाटतें. कावा आंबवीत नाहींत; त्यांत मद्यार्काचा थेंबही नसतो. प्याल्याबरोबर ओंठ व जीभ बधिर होतात. मग हातपाय सैल पडतात, चित्त शांत होतें. पण माफक प्याल्यास शुद्धि व विचार शाबूत राहतात. दारूनें माणसाचा आवाज चढतो. कावानें तो उतरतो. मुळ्यांतील ज्या द्रव्यांनीं हा परिणाम होतो त्यांत मुख्य सहा आहेत. तीं पाण्यांत नीट विरघळत नाहींत; म्हणूनच मुळी नुसती भिजवून भागत नाहीं, ती कुटावी, मळावी, पिळावी लागते. ही खटपट एकट्यानें करण्यापेक्षां दहाजणांनीं मिळून करणें सोयीचें. आणि पेयाची सभा बनण्यास बहुधा येथूनच आरंभ झाला असावा.

या सभेचीं रूपें बेटागणिक निराळीं आहेत. वानुआतू देशांतील टाना बेटावर गांवोगांव वडाच्या जातीच्या प्रचंड वृक्षांखालीं मोकळें अंगण राखलेलें असतें; त्यास नाकामाल म्हणतात. आपल्या गांवचा पार डोळ्यांपुढें आणा, म्हणजे कल्पना येईल. दिवस मावळूं लागला कीं पुरुष तेथें जमतात. स्त्रियांस मात्र रूढीनें तेथें मज्जाव आहे. लहान वयाचे मुलगे मुळ्या चावून मऊ करतात आणि तो चोथा पाण्यांत पिळून गाळतात. आपल्या उष्ट्याखरकट्याच्या कल्पनेस हें धक्का देणारें खरें. परंतु लोखंडी खलबत्ता नव्हता त्या काळीं दांतांहून बारीक दळणारें दुसरें जातें तरी कोणतें होतें? इतर बहुतेक बेटांवर आतां कुटण्याची किंवा किसण्याची पद्धति पडली आहे. टानावरील मनुष्य एका दमांत करवंटी रिकामी करतो, शेवटची गुळणी थुंकून पूर्वजांस उद्देशून चार शब्द बोलतो, आणि मग स्वस्थ बसून रात्रीचा आवाज ऐकत राहतो. तेथें मोठ्यानें बोलणें असभ्यपणाचें समजतात.

फिजींत या पेयास यांगोना म्हणतात. परगांवचा पाहुणा प्रथम गांवच्या मुख्याकडे वाळलेल्या मुळ्यांची जुडी घेऊन जातो; या अर्पणाचें नांव सेवूसेवू. जुडी स्वीकारली जाईपर्यंत तो परका. स्वीकारली कीं तो गांवच्या आश्रयास आला. मग तानोआ नांवाच्या, एकाच लांकडांतून कोरलेल्या, पायांच्या पसरट पात्रांत पेय कालवितात आणि करवंटीच्या वाटींतून मानाच्या क्रमानें एकेकास देतात. घेणारा ओंजळ पोकळ करून टाळी वाजवितो, एका घोटांत वाटी संपवितो आणि पुन्हां टाळ्या वाजवितो. १९५३ सालीं इंग्लंडची राणी एलिझाबेथ तेथें गेली तेव्हां तिनेंही ही वाटी घेतली. आणखी एक गोष्ट आपल्या जिव्हाळ्याची आहे. १८७९ पासून १९१६ पर्यंत साठ हजारांवर हिंदी मजूर गिरमिटाच्या करारानें फिजींत नेण्यांत आले. त्यांच्या वंशजांनीं हें पेय आपलेंसें केलें. ते त्यास 'ग्रॉग' म्हणतात, आणि लग्नघरांत व रामायण वाचणाऱ्या मंडळींतही त्याची वाटी फिरते.

सामोआंत मुख्याची कुमारी कन्या सभेसाठीं हें पेय कालविते. मायक्रोनेशियांतील पोनपेई बेटावर यास सकाऊ म्हणतात. तेथें सपाट पाषाणावर मुळ्या कुटतात, आणि कुटण्याचा नाद दूरवर ऐकूं जातो. टोंगाच्या राज्यांत तर कावाची उत्पत्तिकथाच सांगतात. लोआऊ नांवाचा राजा एका लहान बेटावर उतरला. दुष्काळ पडला होता. राजापुढें ठेवावयास एका दरिद्री जोडप्याजवळ कांहींच नव्हतें. त्यांनीं आपल्या महारोगी मुलीस मारून तिचें मांस राजासाठीं भट्टींत ठेविलें. राजास तें कळतांच त्यानें अन्नास हात न लावतां मुलीस पुरावयास सांगितलें. तिच्या थडग्यावर दोन झाडें उगवलीं : डोक्याकडून कावा, पायांकडून ऊंस. एक उंदीर आला, त्यानें कावा कुरतडला आणि तो झोकांड्या खाऊं लागला; मग ऊंस कुरतडला आणि सांवरला. तेव्हांपासून टोंगांत कावाबरोबर ऊंस द्यावा अशी रीति सांगतात. आपल्याकडील चिलया बाळाची कथा ऐकलेल्यांस हें वाचून गलबलून येईल. जें पेय एका मुलीच्या मरणांतून आलें असें लोक मानतात, तें ते सहज म्हणून पीत नाहींत.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. कावाच्या झुडपास तुरे येतात, पण बीं धरत नाहीं. नर व मादी झाडें निराळीं असतात. शास्त्रज्ञांनीं हातानें पराग लावून पाहिले, तरी उपयोग झाला नाहीं. त्याच्या पेशींत गुणसूत्रांचे दहा संच, म्हणजे एकंदर १३० गुणसूत्रें, आहेत, आणि हें त्याच्या वंध्यत्वाचें एक कारण मानतात. परिणाम असा कीं, पक्षी त्याचें बीं नेत नाहींत, वारा तें उडवीत नाहीं, समुद्र तें वाहून दुसऱ्या तीरास लावीत नाहीं. उंसाची कांडी लावावी त्याप्रमाणें मनुष्यानें दांड्याचें डोळा असलेलें पेर कापून जमिनींत लावावें, तेव्हांच नवें झाड. शेतकऱ्यांच्या भाषेंत सांगावयाचें तर कावास बीं नाहीं, बेणेंच आहे. आज महासागरांत जेथें जेथें कावा आहे तेथें तेथें तो कोणाच्या तरी हातानें लागलेला आहे.

मग हें झाड मुळांत आलें कोठून? न्यू गिनी, सॉलोमन बेटें आणि वानुआतूचा उत्तर भाग येथें कावाचा एक रानटी पूर्वज आढळतो. त्यास बीं येतें. पण त्याचा काढा उग्र असून मळमळ आणतो. व्हॅन्साँ लेबो या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९८० नंतरच्या दशकांत सहकाऱ्यांसह वानुआतूचीं बेटें पालथीं घालून ठिकठिकाणचें बेणें गोळा केलें, आणि सुमारें तीन हजार वर्षांपूर्वीं उत्तर वानुआतूंतच कावा माणसाळला असावा असें अनुमान काढिलें. तेथील शेतकऱ्यांची रीत मोठी शहाणपणाची होती. एखाद्या झाडाच्या फांदींत आपोआप कांहीं बदल झाला, रंग पालटला, पेर आंखूड झालें, तर तिचें बेणें वेगळें लावावयाचें. तीन-चार वर्षें वाट पहावयाची. मग मुळी काढून प्यावयाची. पेय सौम्य निघालें, सकाळीं डोकें हलकें राहिलें, तर तें बेणें शेजाऱ्यास द्यावयाचें. नाहीं तर टाकून द्यावयाचें. प्रयोगशाळा नाहीं, वही नाहीं. जीभ हीच परीक्षक आणि हात हीच वही.

या निवडींतून वाण निर्माण झाले. एकट्या वानुआतूंत ऐंशींहून अधिक वाण ओळखले गेले आहेत. पेंटेकोस्ट बेटाचा बोरोगू, अंबाए बेटाचा मेलोमेलो, सांतोचा पालारासूल, हीं नांवें तेथें आपल्या हापुस-पायरीसारखीं प्रसिद्ध आहेत. फिजींतील नांवें तर वर्णनच करतात. 'लोआ' म्हणजे काळा, 'वुला' म्हणजे पांढरा, 'कासा' म्हणजे पेर, 'बालावू' लांब आणि 'लेका' आंखूड. तेव्हां 'वुला कासा लेका' असें म्हटलें कीं पांढऱ्या रंगाचा, आंखूड पेरांचा वाण डोळ्यांपुढें उभा राहतो. हवाई बेटांत कावास 'अवा' म्हणतात. तेथें 'हिवा' नांवाचा काळ्या दांड्याचा वाण देवांसाठीं व सरदारांसाठीं राखलेला असे.

नावाड्यांनीं हें बेणें होडींतून पूर्वेकडे नेलें. हजारों मैलांच्या खाऱ्या प्रवासांत गोड्या पाण्याचा ओलावा देऊन एक कांडी जिवंत ठेवणें म्हणजे लहान काम नव्हे. न्यूझीलंडला गेलेल्या माओरी लोकांना त्या थंड हवेंत कावा पिकवितां आला नाहीं. तेव्हां त्यांनीं तेथील त्याच कुळांतल्या एका झुडपास 'कवाकवा' म्हणून हांक मारिली. झाड राहिलें, नांव मात्र बरोबर गेलें.

बियांची वनस्पति मातींत निजून वर्षानुवर्षें वाट पाहूं शकते. बेण्याच्या वनस्पतीस ती सवड नाहीं. जेथें पिणें थांबलें तेथें लावणें थांबलें, आणि जेथें लावणें थांबलें तेथें वाण मेला. ताहिती व मार्केसस बेटांत पूर्वीं कावा भरपूर पीत असत आणि त्याचे अनेक वाण होते. एकोणिसाव्या शतकांत मिशनऱ्यांचा विरोध, मद्याचा शिरकाव आणि नव्या चालीरीति यांमुळें तें पिणें मागें पडलें. पुढें शोध घेणाऱ्यांस जुन्या नोंदींत नांवें पुष्कळ आढळलीं. जिवंत झाडें फारच थोडीं.

हवाईचें नशीब थोडें बरें निघालें. तेथेंही पिणें जवळजवळ थांबलें होतें. परंतु ओलसर दऱ्यांत, ओसाड पडलेल्या जुन्या मळ्यांत, कांहीं झुडपें कशीबशी तगून राहिलीं. गेल्या शतकाच्या अखेरीस हवाईच्या लोकांनीं दऱ्याखोरीं धुंडाळून तीं शोधलीं आणि त्यांचें बेणें पुन्हां लावलें. आज तेथें सुमारें तेरा वाण ओळखले जातात, आणि 'हानाकापिआई', 'मापुलेहू' अशीं त्यांतील कांहींचीं नांवें दऱ्यांवरून पडलेलीं आहेत. टाना बेटावर तर हा लढाच झाला. प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनीं कावा, नाच व जुने विधि यांवर बंदी घातली होती. १९४१ सालीं जॉन फ्रम नांवाची चळवळ उठली. लोकांनीं मिशनचीं गांवें सोडलीं आणि पुन्हां वडाखालीं कावा पिऊं लागले. पुढारी तुरुंगांत गेले, पण वाण वांचले.

बंदीनें जें नष्ट होतें, तें बाजारानेंही होऊं शकतें, आणि हें संकट अधिक फसवें आहे. कावाच्या कांहीं वाणांस वानुआतूंत 'टू-डे' म्हणतात, म्हणजे ज्याची सुस्ती दोन दिवस उतरत नाहीं असा. तो जोमानें वाढतो आणि उत्पन्नही भरपूर देतो. पण मळमळ आणतो, म्हणून जुने लोक तो रोजच्या पिण्यास वापरीत नसत. ज्यास ते रोज पिण्यायोग्य मानीत त्यास आज 'नोबल', म्हणजे कुलीन वाण, असें म्हणतात. १९९० नंतर युरोपांतील औषधांच्या कारखान्यांनीं चिंता व निद्रानाशावरील गोळ्यांसाठीं वाळलेली मुळी टनांनीं विकत घेण्यास सुरुवात केली. वजनावर पैसे मिळूं लागल्यावर कुलीन कोण आणि दोन-दिवशी कोण, हें पाहतो कोण? मुळ्यांबरोबर दांड्यांच्या सालीही विकल्या गेल्या. मग त्या गोळ्या घेणाऱ्या कांहींच्या यकृतास अपाय झाल्याच्या नोंदी आल्या आणि २००२ सालीं जर्मनीनें त्या औषधांचे परवाने रद्द केले. इतर कांहीं देशांनींही बंदी घातली. अपायाचें कारण वाईट वाण, साली, काढण्याची रीत, बरोबर घेतलेलीं इतर औषधें कीं आणखी कांहीं, यावर शास्त्रज्ञांचा वाद आहे. २०१४ सालीं जर्मन न्यायालयानें ती बंदी अवैध ठरविली, तरी कज्जे पुढेंही चालले. बेटांवरील शेतकऱ्याचा मात्र बाजार एका दिवसांत बुडाला होता.

त्यांतून वानुआतू शहाणें झालें. २००२ सालींच त्या देशानें कायदा करून कुलीन वाणच निर्यात करावा असें ठरविलें. मुळीची पूड ॲसिटोनमध्यें भिजवून रंग पाहण्याची सोपी परीक्षाही लेबो यांनीं सुचविली : कुलीन वाणाचा रंग पिवळसर उतरतो, दोन-दिवशी वाणाचा गडद नारिंगी. २०२० सालीं कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमंडळानें पाण्यांत कालवून पिण्याच्या कावासाठीं प्रादेशिक प्रमाण मंजूर केलें, आणि डिसेंबर २०२१ पासून ऑस्ट्रेलियानें खाण्यापिण्याची वस्तु म्हणून त्याची व्यापारी आयात प्रायोगिक रीतीनें खुली केली. कोणता वाण पितों हें पुन्हां विचारलें जाऊं लागलें.

परंतु मागणी वाढली कीं दुसरी अडचण येते. खपणारे दोन-तीनच वाण सर्वत्र लागतात आणि बाकीचे मागें पडतात. पोनपेईंत सकाऊसाठीं डोंगरमाथ्यावरील रान तुटूं लागलें. तेव्हां खालच्या जमिनींत लागवड करा, अशी मोहीम तेथें काढावी लागली. शिवाय बेण्यानें वाढणाऱ्या पिकांत एका झाडास जो रोग मारतो तोच त्याच्या सर्व भावंडांस मारूं शकतो. मावा किड्यांमार्फत पसरणाऱ्या एका विषाणूनें कावाचे दांडे काळे पडून कुजतात. एकाच पिकाच्या सलग मळ्यांत हा रोग भराभर फैलावतो, तर इतर झाडांत मिसळून लावलेल्या जुन्या पद्धतीच्या परसांत तितका फैलावत नाहीं. वादळें आहेतच. फेब्रुवारी २०१६ मध्यें विन्स्टन वादळानें फिजींतील मळे आडवे केले. एप्रिल २०२० मध्यें हॅरल्ड वादळ पेंटेकोस्ट बेटावर कोसळलें.

कोणी म्हणेल, मग सर्व वाणांचा एक सरकारी संग्रह करावा म्हणजे झालें. सांतो बेटावरील कृषि संशोधन केंद्रांत असा संग्रह राखण्याचा प्रयत्न झालेला आहे. पण गव्हा-तांदळाचें बीं कोरडें करून बर्फासारख्या थंड कोठींत ठेवतां येतें, तसें येथें होत नाहीं. वाण म्हणजे जिवंत झाड. त्यास दरसाल राखावें, दर कांहीं वर्षांनीं नवें लावावें, आणि रोग शिरला तर संग्रहच आजारी पडतो. कांचेच्या नळींत ऊतक वाढवून ठेवण्याची युक्तिही कावाच्या बाबतींत कठीण जाते, कारण त्याच्या दांड्यांत मुरलेले सूक्ष्म जंतु नळींतही वाढूं लागतात. म्हणून सर्वांत भरंवशाचा संग्रह अजूनही शेंकडों शेतकऱ्यांच्या परसांत विखुरलेला आहे. तो टिकण्यास एकच अट आहे : त्या त्या वाणाची चव ओळखणारा मनुष्य त्या गांवांत राहिला पाहिजे.

मी कावाची भलावण करीत आहें असा समज होऊं नये. रोज अति पिणाऱ्यांची कातडी कोरडी पडून तिचे खवले निघतात. पिणें सोडल्यास ती पुन्हां सुधारते. रात्र रात्र वाटीपुढें बसून घरसंसाराकडे दुर्लक्ष करणारे लोक त्या बेटांवरही आहेत, आणि त्यांच्या बायका त्यांस चार शब्द सुनावतातही. पण एखाद्या वस्तूचा अतिरेक वाईट म्हणून तिचा वंशच बुडवावा, हें शहाणपण नव्हे. आपणही त्याच कुळांतल्या दुसऱ्या पानाचा विडा करून पाहुण्यापुढें ठेवितों. विडा न देतां व्याह्यास निरोप दिला तर काय होईल, हें मी सांगावयास नको. दोन समुद्रांच्या पलीकडील लोकांनीं, एकमेकांस न विचारतां, आदरातिथ्यासाठीं एकाच वनस्पतिकुळाची निवड केली, याचें मला कौतुक वाटतें.

माझ्या विद्यार्थ्यानें सांगितलेली एक साधी गोष्ट सांगून पुरें करतों. फिजींतील एका म्हाताऱ्या शेतकऱ्यास मुळ्या काढतांना त्यानें पाहिलें. पांच वर्षांचें झुडूप त्यानें उपटलें, माती झटकली, मुळ्या वेगळ्या केल्या. घरीं पाहुणे वाट पाहत होते. तरी तो लगेच निघाला नाहीं. त्याच झुडपाच्या दांड्याचीं चार पेरें त्यानें कापलीं, शेजारच्या सांवलींत ओल्या मातींत तिरपीं लावलीं, पायानें माती दाबली, आणि मगच मुळ्यांची मोळी खांद्यावर घेतली. ज्या दिवशीं हा क्रम उलटेल, पाहुण्यांच्या घाईंत पेरें लावावयाचीं राहतील, त्या दिवशीं तो वाण संपेल. तीन हजार वर्षांत तसा दिवस ज्यांनीं येऊं दिला नाहीं, तीं माणसें त्या टिंबांवर राहतात. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी ऐकत असतील, तर त्यांनीं आपल्या वहींत एवढी दुरुस्ती करून घ्यावी.